क्रूझच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

मुंबईहून क्रूझला निघण्यासाठी विदर्भातून येणाऱ्या आमच्या नातेवाइकांना माझा आग्रह असतो की, आदल्या रात्री कुलाबा किंवा फोर्टमध्ये न राहता नवी मुंबईतल्या वाशी अथवा सानपाड्यात राहावे. दक्षिण मुंबईत भाडे मुख्यतः जागेच्या मोक्याचे असते, आणि परवडणारी खोली बहुधा इतकी अरुंद निघते की बॅगा ठेवल्यावर वयस्कर माणसांना धड वावरताही येत नाही. वाशीत स्थानकाजवळच्या साध्या हॉटेलांत त्याहून कमी दरात मोकळी खोली मिळू शकते. दर मात्र जीएसटी धरूनच विचारावा, कारण एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे थेट १८ टक्के कर लागतो.

क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. हार्बर मार्गाची लोकल वाशीहून सीएसएमटीला तासाभरात पोहोचवते, आणि तेथून टॅक्सीने अंतर थोडेच उरते. जहाज रविवारी सुटणार असेल, तर मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद राहणार आहेत का याची, चौकशी आदल्या दिवशीच करावी. सामान जड असल्यास लोकलचा विचार सोडून टॅक्सी ठरवावी. उलवे-पनवेलकडे राहणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतूचा मार्ग खुला आहे, पण त्याचा टोल खोलीच्या भाड्यात मिळवूनच तुलना करावी.