दिल्ली ते टोकियो: जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ

दिल्ली-टोकियो हवाई अंतर साधारण ५,८५० किलोमीटर. अंतर दोन्हीकडून तेवढंच, वेळ मात्र वेगळा. तिकीट वाचून तर नेमका उलटा समज होतो. रात्री ८ ला दिल्लीहून सुटलेलं विमान सकाळी ७ ला टोकियोत, म्हणजे वाटतं अकरा तास. परतताना सकाळी साडेअकराला निघून संध्याकाळी साडेपाचला दिल्ली, म्हणजे सहाच तास! जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, हे धरलं की खरा हिशोब कळतो: जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ, कधी दहासुद्धा.

आई-बाबा आमच्याकडे टोकियोतल्या निशी-कासाईला राहून परत निघाले, की मी हे आधी कागदावर लिहून देते. बाबांना मधुमेह आहे. जेवण आणि गोळ्या घड्याळावर नव्हे, मधल्या खऱ्या तासांवर ठरवाव्या लागतात. वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घेतो.

बाबांना वाटायचं, पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात जपानवर फार जोरात असतो, कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. जाताना तो विमानाला मागून रेटतो, येताना समोरून अडवतो. उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकतो, मंदावतो आणि जाण्यायेण्यातला फरकही कमी होतो.

हा वारा जगात सगळ्यात आधी मोजणाऱ्यांपैकी एक होते जपानचे वासाबुरो ओइशी. आजच्या त्सुकुबा शहरातल्या तातेनो वेधशाळेतून ते फुगे सोडून नोंदी घेत. १९२६ मध्ये त्यांनी अहवाल छापला, तोही जगभर वाचला जावा म्हणून एस्पेरांतो या सगळ्या देशांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत. ती भाषा जाणणारे थोडेच, त्यामुळे एवढं मोठं काम बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं. मला याची फार हळहळ वाटते.

आणखी एक गोष्ट. नकाशावरची सर्वात जवळची वाट तिबेटवरून जाते, पण विमानं बहुतेकदा हिमालयाच्या दक्षिणेने, म्यानमार आणि चीनच्या युन्नानवरून वळसा घालतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला झटपट तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. खाली यायला जागाच नाही.

दिल्लीहून पुढे पुण्याचं विमान धरायचं असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मध्ये चार तास तरी ठेवा. वारा जोरात असला की दिल्लीला उशीर होतो, त्यात इमिग्रेशनची रांग आणि बॅगा. शक्य असेल तर पुण्यापर्यंतचं एकच तिकीट काढा, म्हणजे पुढचं विमान चुकलं तरी दुसरं देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.