मणक्यातली गाठ, दबलेली नस आणि आपली उसण

सांगली-मिरजेकडं तालमीत जाणारं पोर पाठ दुखते म्हणालं की घरच्यांचं निदान ठरलेलं: उसण भरली. मग तेल, शेक, पाठीवर पाय. बहुतेकदा भागतंही. पण दुखणं रात्री वाढत असेल, आठवडेच्या आठवडे हटत नसेल आणि पाठ एका अंगाला वाकायला लागली असेल, तर चोळणं आधी बंद करा.

यामागे क्वचित ऑस्टिओब्लास्टोमा, म्हणजे हाडातली एक गाठ, निघतो. हा कॅन्सर नव्हे. हाडांतच उगवणाऱ्या सगळ्या गाठींत याचं प्रमाण सुमारे 1 टक्का, त्यामुळं डॉक्टरांच्याही पटकन ध्यानात येत नाही. वय बहुधा 10 ते 30, मुलग्यांत जास्त. यातल्या साधारण एक तृतीयांश गाठी मणक्यात असतात, त्याही सहसा मागच्या कमानीत, नस बाहेर पडते त्या भोकाला लागून. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही याच जातीची, पण 2 सेंमीहून लहान गाठ साध्या वेदनाशामक गोळीला चटकन दबते. ऑस्टिओब्लास्टोमाची मोठी गाठ मात्र गोळीला तितकी दाद देत नाही आणि वाढत जाऊन नस चेपते.

पायाचा अंगठा वर ओढता येत नसेल तर कंबरेची पाचवी नस, एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल तर तिच्या खालची, असा ढोबळ अंदाज. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही.

खरा घोळ तपासणीत होतो. साध्या एक्स-रेत ही गाठ निसटू शकते. एमआरआयमध्ये भोवतीची सूज गाठीहून कितीतरी मोठी दिसते आणि रिपोर्टात टीबी किंवा कॅन्सरची शंका उमटते. टीबीची औषधं सुरू होण्याआधी त्याच मणक्याचा सीटी स्कॅन (हाड पातळ थरांत दाखवणारा) करायचा का, हे विचाराच. मणक्याचा टीबी बहुतेकदा पुढच्या भागात, दोन मणक्यांमधल्या चकतीलगत असतो. ही गाठ मागं. बायोप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारूनच, कारण सुईची वाट नंतरच्या ऑपरेशनच्या छेदात यावी लागते.

गाठीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून मोठी असल्यास ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करतात. मग नस मोकळी करून गाठ पूर्ण काढायची. कण मागे राहिला तर ती परत उगवते. मणक्याचा सांधा काढावा लागला तर मणके धरून ठेवायला स्क्रू-रॉड बसवतात. वाक जुना नसेल तर पाठ बहुधा आपोआप सरळ होते. पहिल्या सीटीची सीडी जपून ठेवा; पुढं तुलना तिच्याशीच होते, नुसत्या रिपोर्टाच्या कागदाशी नाही.