मणक्यांमधील चकतीवरील लेसर उपचार : माझा अनुभव

यंत्रमागावर सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, उचलण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. दुखणे कंबरेपुरते होते तोवर मी निभावले; परंतु डाव्या मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरील बाजूने पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली, तेव्हा अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यात पाळीभर उभे राहणे अशक्य झाले. कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती (डिस्क) मागे फुगून पायाकडे जाणाऱ्या शिरेला (मज्जातंतूला) दाबत असल्याचे एमआरआयमध्ये दिसले.

डॉक्टरांनी लगेच लेसरचा आग्रह धरला नाही, याचे मला आजही समाधान वाटते. असे बहुतेक रुग्ण औषधे, बेताची हालचाल आणि व्यायाम यांनी सहा ते बारा आठवड्यांत सुधारतात, असे सांगून त्यांनी आधी तोच मार्ग धरायला लावला. मला त्याने उतार पडला नाही, तेव्हाच पुढचा विचार झाला.

लेसरचा हा उपचार 1986 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्रथम करण्यात आला. चकतीचे बाहेरचे कडे शाबूत असेल, तर आतील मऊ गराचा थोडासाच भाग उष्णतेने वाफ करून काढला तरी बंदिस्त जागेतील दाब बराच उतरतो. कडे फाटून तुकडा बाहेर आला असेल, तर याचा उपयोग होत नाही. आणि पायातील बळ झपाट्याने जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर तातडीने शस्त्रक्रियाच करावी लागते. या पद्धतीचे पुरावे अजून मर्यादित आहेत, हेही डॉक्टरांनी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितले.

मला पालथे झोपवून फक्त सुईच्या जागेपुरती भूल दिली. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई चकतीत नेली आणि तिच्यातून केसासारखा बारीक लेसर तंतू आत सोडला. उष्णता शिरेपर्यंत पोहोचू नये म्हणून लेसर थांबून थांबून देत होते. "पायात कळ आली की लगेच बोला, काका," असे डॉक्टर वारंवार सांगत होते. रुग्णाला जागे ठेवण्याचे मुख्य कारण तेच.

त्याच संध्याकाळी मी चाललो. पायातील कळ हळूहळू ओसरली, मात्र अंगठ्याचा बधिरपणा थोडा उरला आहे. वाकणे आणि वजन उचलणे मला बंद असल्याने शेठनी मला टॉवेलच्या घडीच्या विभागात घेतले आहे, आणि बीम हलवण्यासाठी आता ट्रॉली वापरली जाते.