सुरगाठ

मंगळवार, रात्र

"बांधलेला असताना फोटो काढला होतात ना?"

फोनवर त्या बाईंनी इतक्या सहज विचारलं की मी "हो" म्हणून मोकळी झाले. खोटं बोलले. सकाळपासून ते "हो" घशात अडकून बसलंय.

त्या अभिलेखागारात काम करतात. बोलणं शांत, घाई नाही. मी मोठ्या कौतुकानं सांगत होते की १९४४ साली युद्धात गेलेल्या काकांच्या गठ्ठ्यातली एकतीसच्या एकतीस पत्रं सुटी केली, घड्या उलगडल्या, गंजलेल्या टाचण्या काढल्या, तारखेप्रमाणे लावली, स्कॅन केली आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घातली. शाबासकीची वाट बघत होते, खरं सांगायचं तर. आणि त्यांनी विचारलं ते गठ्ठ्याचं. कोणत्या पत्रावर कोणतं पत्र होतं, हेही त्या कागदांवरच्या मजकुराइतकंच महत्त्वाचं असतं म्हणाल्या. मूळ क्रम मोडायचा नसतो. मोडावाच लागला तर आधी फोटो काढायचा आणि प्रत्येक कागदाला पेन्सिलीनं नंबर द्यायचा.

मी गाठ सोडली आणि गठ्ठा पलंगावर ओतला. भाजी ओततात तसा.

ती गाठ सुरगाठ होती. एक टोक ओढलं की सुटते ती. निरगाठ असती तर थांबले असते, कात्री शोधायला उठले असते, तेवढ्यात डोकं चाललं असतं. ऐंशी वर्षं ती पत्रं कसर, वाळवी, दोन घरबदल आणि बाबांचा सेलोटेप यांतून वाचली. (सेलोटेप लावलेलं पाकीट आता कोऱ्या चहाच्या रंगाचं झालंय, चिकटपणा कधीच गेला, डाग तेवढा राहिला.) माझ्या हातात आली आणि एका झटक्यात गेली. घरात या सगळ्याचं कोणाला काही पडलेलं नाही म्हणून मी करायला घेतलं. वाट लावणारीही मीच.

नंदूला फोन केला. म्हणाला, "अगं ताई, पत्रं आहेत ना सगळी? मग झालं की. मी परत सांगतो, लॅमिनेट करून टाक." लॅमिनेशन म्हणजे कागद प्लॅस्टिकमध्ये भाजून कायमचा डांबून टाकणं, हे त्याला तीनदा सांगून झालंय. त्याच्याकडे काकांचं युद्धातलं पदक, बर्मा स्टार, गेलं, तर वहिनींनी ते चिंच लावून लख्ख केलं. रिबनही धुतली. मधला लाल पट्टा दोन्ही बाजूंच्या निळ्यात उतरलाय, नारिंगी रेघ तर शोधावी लागते. तेव्हा मी केवढी बोलले होते त्यांना. आज कोणत्या तोंडानं बोलणार?

बुधवार

झोप नीट नाही. ट्रंकेतली यादी पुन्हा वाचली.

टाइप केलेली, कार्बन कॉपी, जांभळी अक्षरं पसरलेली. माणूस परत आला नाही की त्याच्या सामानाचा हिशोब करायला चारदोन अधिकारी बसत. त्याला म्हणत 'कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट'. देणी चुकवायची, सरकारी वस्तू परत घ्यायच्या, खाजगी चीजवस्तू घरी पाठवायच्या. नाव वाचून पहिल्यांदा हसूच आलं होतं. आमच्या घरात अ‍ॅडजस्टमेंटची कमिटी १९४४ पासून बसलेलीच आहे, अजून उठलेली नाही.

यादीत वस्तरा आहे, फाउंटन पेन आहे, चेन तुटलेली ट्रॅव्हल बॅग आहे. 'शूज, ब्राउन, पेअर १' आहे. ते बूट ट्रंकेत नाहीत. आजोबांनी ते ऑफिसला वापरले, तळ जाईपर्यंत, एवढंच बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मग 'लॉगबुक १', म्हणजे उड्डाणांची नोंदवही. आणि त्याच्याखाली 'लेटर्स, प्रायव्हेट, बंडल १'.

बंडल. म्हणजे इंफाळला जपान्यांचा वेढा पडलेला असताना आसामातल्या कुठल्याशा तंबूत बसलेल्या कारकुनालाही कळत होतं की हा एक नग आहे. मला कळलं नाही.

लॉगबुक काढून बसले. ते मोडण्यासारखं नाही, शिवलेलं आहे, बरं वाटलं. काकांचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. तारीख, विमानाचा नंबर, पायलटचं नाव, कामगिरी, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीशेवटी 'डी.सी.ओ.', म्हणजे ड्यूटी कॅरिड आउट. विमान व्हेंजन्स. ७ नंबरच्या स्क्वॉड्रनकडे तीच होती, अमेरिकेत बनलेली, दोन माणसांची, सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारी. पुढे पायलट आणि मागे बंदुकीवर काका, शेपटीकडे तोंड करून. विमान नाकावर खाली जात असताना काकांसमोर नुसतं आभाळ असणार. मार्च १९४४ पासून प्रत्येक पानावर उदारबंद, उदारबंद. सिलचरजवळचा तळ.

शेवटची ओळ दुसऱ्याच्या अक्षरात आहे. 'डी.सी.ओ.' नाही. 'मिसिंग' एवढंच.

ट्रंकेत रेशमी नकाशा का नाही, म्हणून नंदू एकदा हळहळला होता. हवाईदलाच्या लोकांना देत तसे, घडी केली तरी न चुरगळणारे, पाण्यात न विरघळणारे. आणि ती अनेक भाषांत छापलेली चिठ्ठी, 'याला मदत करा, बक्षीस मिळेल' अशी. अरे, त्या वस्तू अंगावर असायच्या. घरी परत येतं ते मागे ठेवलेलं. अंगावर होतं ते गेलं.

नंदूच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत 'रॉयल इंडियन एअर फोर्स' लिहिलंय. तेही चूक. 'रॉयल' मिळालं मार्च १९४५ मध्ये, काका गेल्यावर वर्षानं, आणि १९५० साली गेलंही. पण आज दुसऱ्याच्या चुका काढायचा मूड नाही.

बुधवार, उशिरा

बाईंना मेसेज केला: फोटो काढला नव्हता, मी खोटं बोलले, माफ करा. लगेच उत्तर आलं: 'होतं असं. कागदांनाच विचारून बघा. ठसे असतात.'

आधी रागच आला. कागदांना काय विचारणार! मग टेबललॅम्प आडवा धरून बसले.

आणि खरंच की. तिरप्या उजेडात पाकिटांच्या कडांना बारीक खाचा दिसतात, लेस रुतलेल्या. ती बुटाची तपकिरी लेस आहे, हे मी लिहिलंच नाही. काही पाकिटांना खाच खोल, काहींना जेमतेम. ज्यांची खोल ती वरची किंवा तळाची असणार, आतल्यांना कमी. एका पाकिटाच्या पाठीवर तीन पाकळ्यांचा तपकिरी डाग आहे, बेलाच्या पानाचा. पान कधीच चुरा होऊन गेलंय. पण तोच डाग, उलटा, दुसऱ्या एका पाकिटाच्या दर्शनी बाजूवर! म्हणजे ही दोन एकमेकांवर होती, मध्ये पान. एवढ्या आनंदानं मी शेवटची कधी ओरडले होते आठवत नाही. बाबा आतून "काय पडलं?" म्हणाले.

पहिलं पाकीट घरून गेलेलं, दुसरं काकांचं घरी आलेलं. माझ्या तारखेच्या क्रमात त्यांच्यामध्ये चार पत्रं घुसली होती, कारण तेव्हा टपालाला कधी आठवडा लागे, कधी महिना, पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून जात. घरच्या पत्रात शेवटी आहे, 'सोमवारचे बेलाचे पान ठेवले आहे.' काकांच्या पत्रात, 'पान पोचले. माईस सांगावे.'

प्रश्न आणि त्याचं उत्तर. शेजारी शेजारी.

पण काकांनी घरी लिहिलेली पत्रं काकांच्या बंडलात कशी असतील? ती तर घरात होती. मला हे इतक्या दिवसांत सुचलंच नाही. तारखा लावताना मी नुसत्या तारखाच बघत होते.

मग ते १९५१ चं कार्ड आठवलं. एकतिसावं. गठ्ठ्यात चुकून आलंय म्हणून मी ते 'इतर' लिहिलेल्या पाकिटात टाकलं होतं. आजोबांचं आहे, नोकरीच्या गावाहून. तिकिटावर राजाचं डोकं नाही. मजकूर दीड ओळीचा: सुखरूप पोचलो. काळजी नसावी. ते काढून दिव्याखाली धरलं. डाव्या कोपऱ्यात गंजाचा डाग, गव्हाएवढा, लांबट. लेसच्या टोकाचा पत्रा ठेवून बघितला. बरोब्बर बसला.

तेच सगळ्यात वर होतं.

म्हणजे कारकुनानं बांधलेलं बंडल कधीच सुटलं होतं. माझ्या आधी कितीतरी वेळा. माईनं सोडलेलं, माईनं बांधलेलं. सुरगाठ होती ती सोडायचीच म्हणून होती. मी दोन दिवस काकांचा क्रम मोडला म्हणून रडतेय आणि काकांचा क्रम त्यात नव्हताच. एक क्षण इतकं हलकं वाटलं! आणि मग वाटलं, हे तर आणखीच वाईट झालं. काकांची आठवण सांगणारं निदान लॉगबुक आहे, सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर नाव आहे (सिंगापूर त्यांनी पाहिलंही नव्हतं, पण ज्या हवाईदलवाल्यांच्या कबरी नाहीत त्यांची नावं तिथे कोरलीत). माईचं काय आहे? नऊवारीतली पाठ, चुलीपुढची. मला तरी एवढीच आठवते. आणि हा गठ्ठा होता.

माईला वाचता येत होतं का, हे बाबांना विचारायला गेले. झोपले होते. किंवा झोपल्यासारखे.

गुरुवार

सकाळपासून जोड्या लावतेय. स्वेटरचं पत्र आणि स्वेटर आखूड झाल्याचं पत्र. 'प्रकृती कशी आहे' आणि 'ताप उतरला'. मनीऑर्डर आणि तिची पोच. बेलाची धरून चार जोड्या खात्रीच्या. घरची आठ पत्रं मोडी लिपीत आहेत, दादांच्या हातची, ती मला वाचता येत नाहीत. त्यांचे प्रश्न कोणते, कोणाला माहीत. मोडी वाचणारं कोणीतरी शोधायला हवं. आणि शेवटी घरून गेलेली दोन पत्रं उरतात, एप्रिल १९४४ ची, त्यांना जोडी नाही. माईनं ती कुठे ठेवली असतील? तळाशी? की आजोबांच्या कार्डाखाली, लगेच? दोन्हींच्या खाचा खोल आहेत. त्यावरून मला काहीतरी वाटतं, पण ते मी फाइलीत लिहिणार नाही.

लेस परत बांधायची नाही. तिच्या टोकाचा गंज अजून उतरतोय. तिला वेगळं पाकीट केलंय. मोडल्या जागी वळ्या तशाच आहेत, सरळ करायचा मोह आवरला. वहिनींसारखं व्हायचं नाही.

संध्याकाळी चिठ्ठी लिहायला घेतली, पेन्सिलीनं, नियमाप्रमाणे. पहिला मसुदा पाऊण पान झाला, त्यात माझी झोप, बाबा, नंदू, सगळे आले. फाडला. आता एवढंच आहे:

'३० पत्रे, १ कार्ड. बुटाच्या लेसने बांधलेली, सुरगाठ. क्रम माईचा. कार्ड सर्वात वर. चार जोड्या ठशांवरून व मजकुरावरून, बाकी अंदाजे. गाठ मी सोडली.'

खाली सही केली. तारीख घातली. नंदूनं तेवढ्यात मेसेज टाकला, लॅमिनेशनवाला कोपऱ्यावरच आहे म्हणून.