तुम्ही विचारलंत म्हणून: डाएट चार्ट घ्यावा की मॅक्रो मोजावेत?

दादरला माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांचा हा प्रश्न आता ठरलेलाच. "मॅडम, चार्ट देता, की मॅक्रो मोजायला शिकवता?" चार्ट म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत काय आणि किती खायचं ते लिहून दिलेलं. मॅक्रोमध्ये पदार्थ तुमच्या पसंतीचे, पण दिवसभरातली प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ ग्रॅममध्ये मोजून ठरलेल्या आकड्यात बसवायचे. उत्तर द्यायच्या आधी मी एकच विचारते: घरी स्वयंपाक कोण करतं?

डोंबिवलीहून, विरारहून फोर्टला येणाऱ्या माणसाचा डबा बहुतेक वेळा आईने, बायकोने किंवा पोळ्यांच्या मावशींनी भरलेला असतो. त्याच्या हातात चार्ट दिला, की कागद त्याचा आणि काम दुसरीचं. सगळ्यांना पोळी-भाजी, याच्यासाठी वेगळं पनीर, कमी तेलाची वेगळी भाजी, रात्री वेगळं सूप. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईच्या शेगडीवर आणखी एक कढई चढवणारा चार्ट मला मान्य नाही. तो फार दिवस चालतही नाही. म्हणून त्या घरात एरवी शिजतं त्यातूनच मी चार्ट लिहिते, आणि शक्य असेल तर रांधणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून लिहिते. कुठल्या वारी उसळ जमेल, कडधान्य रात्री भिजत घालायचं कोणी, हे तिथेच ठरतं. भिजवायचं काम तरी ज्याचा चार्ट त्याने करावं, असा माझा आग्रह असतो.

शिवाय इथल्या वर्षाला स्वतःची चाल आहे. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे मे महिन्यात 'दुपारी बांगडा' लिहून घेतलेला चार्ट पुढे अडतो. पाठोपाठ श्रावण, अनेक घरांत अंडंसुद्धा येत नाही. मग संकष्टी, सोमवार, नवरात्र. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च. खिचडीत जी काही प्रथिनं मिळतात ती दाण्याच्या कुटाची. उपासाला दही, दूध, दाणे किती घ्यायचे हे ज्या चार्टात नाही, तो आमच्याकडच्या लोकांसाठी अर्धाच आहे.

मग मॅक्रो मोजावेत का? तिथे आमटी आडवी येते. 30 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण 6 ते 7 ग्रॅम प्रथिनं असतात, पण तेवढ्या डाळीत पाणी किती घालायचं हे घरागणिक वेगळं. अ‍ॅपमधली 'एक वाटी आमटी' तुमच्या घरची नसते. भाताचंही तसंच: 100 ग्रॅम तांदळाच्या साधारण 350 कॅलरी, तोच शिजलेला भात 100 ग्रॅम घेतला तर 130 च्या आसपास. शिजलेला तोलून कच्च्याचा आकडा लिहिणारे मला नेहमी भेटतात. आणि तेल तर ताटात दिसतच नाही. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला 4 कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ 9. फोडणीत एक मोठा चमचा तेल जास्त पडलं, की 120 कॅलरी वाढल्या.

तरीही थोडे दिवस मोजावं, असं मी आवर्जून सांगते. फक्त प्रथिनं मोजा. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दररोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलो वजनाला 50 ग्रॅम. चहा-पोहे, पोळी-भाजीचा डबा, संध्याकाळी वडापाव, रात्री वरण-भात असा दिवस मांडून बघा. बेरीज 40 च्या आसपास थांबते, आणि त्यातलाही मोठा वाटा गहू-तांदळाचा. हे स्वतःच्या ताटात एकदा दिसलं, की मटकी खा म्हणून मला सांगावं लागत नाही. यासाठी कोरडी डाळ कुकरला लावण्याआधी एकदा तोला आणि जेवणाऱ्या माणसांनी भागा. एवढं पुरतं.

तर डब्यावर जेवणाऱ्यांनी आठवडाभर असं मोजावं आणि जे कमी पडतंय ते भरून काढणारा चार्ट घरच्यांसोबत बसून करावा. एकटे राहणारे, स्वतः रांधणारे, व्यायामशाळेत जाणारे यांना मॅक्रो खरोखर जमतात. अंडी, दही, चिकन सगळं त्यांच्याच हातातून जातं, तेलही. त्यांनी खुशाल मोजत राहावं.

काहींच्या हाती मात्र मी काटा देत नाही. जेवणाचा आकडा बघून ज्यांना धास्ती वाटते, घास उष्टा टाकून उठावंसं वाटतं, अशा मुली माझ्याकडे येतात. त्यांच्याशी मी ग्रॅम आणि कॅलरी हे शब्दही काढत नाही, आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा, वरचे 0.83 तिथे लावू नका. आणि इन्सुलिन घेणाऱ्या काहींना कर्बोदकं मोजायला शिकावं लागतं, पण ते डोसाशी बांधलेलं असतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली.