तुटक रेषेची वाट

नकाशाच्या एका प्रतीपायी पाच महिने गेले. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमची वसाहत कोल्हापूरच्या कळंबा तलावाजवळ. तलावापासून कात्यायनीच्या डोंगराकडे चालायला, पळायला, सायकलीला एक सलग वाट असावी, हे आमचं मागणं. सकाळी रस्त्यानं फिरायला निघालं की मागनं उसाची ट्रॉली येते आणि म्हातारी माणसं गटारीकडेला सरकून उभी राहतात. बैठका, ग्रामसभेचा ठराव, वर्गणी, सगळं सुरळीत झालं.

घोडं अडलं याच मार्गातल्या जुन्या पायवाटेवर. संक्रांतीनंतर तिच्यावर कुणीतरी तारेचं कुंपण घातलं. गावनकाशात ही वाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलीय. एकेरी तुटक रेषा म्हणजे सव्वाआठ फुटांचा पायमार्ग. दुहेरी असेल तर साडेसोळा ते एकवीस फुटांचा गाडीमार्ग. एका निवृत्त भूकरमापकांनी, म्हणजे सरकारी जमीन मोजणाऱ्यांनी, आम्हाला हे समजावलं. म्हणजे कुणाची जागा मागायची नव्हती, आहे ती वाट मोकळी करून हवी होती.

तहसील कचेरीतल्या अर्जाला नकाशाची झेरॉक्स जोडली. मूळ कागदाची घडी नेमकी त्या रेषेवरच, त्यामुळं झेरॉक्समध्ये ठिपके उडालेले. टेबलावरच्या साहेबांनी तिथंच बोट ठेवलं, "यात वाट कुठाय?" फाईल परत. महिन्यानं रंगीत झेरॉक्स नेली, तर साहेब रजेवर. सही-शिक्क्याची प्रत मागितली, तर दुसऱ्याच गट नंबरचा तुकडा हातात आला. तीन खेपांनंतर बरोबर प्रत मिळाली, तेव्हा कळलं की आमचं कलमच चुकलंय. आम्ही महसूल संहितेचं 143 लिहिलं होतं. ते शेतात जायला बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी. असलेली वाट अडवली तर मामलेदार (म्हणजे तहसीलदार) न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5. आणि त्याचा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो! पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. आमचे एकोणीस दिवस उरले होते.

शिवाय ते कलम शेतात किंवा कुरणात जायच्या वाटेसाठी. आमच्या फिरण्याला तिथं जागा नाही. तेव्हा पुढं आले म्हशीवाले मामा. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या सायकली जातील, आमच्या म्हसरांनी कुठनं जायाचं वो?" आम्ही विषय बदलला होता, याचं मला वाईट वाटतं. दावा त्यांच्या नावानं दाखल झाला आणि स्थळपाहणीला शेजारच्या चार शेतकऱ्यांनी वहिवाट सांगितली.

म्हणून सांगतो, कागदावर वाट आखण्याआधी आठवडाभर पहाटे उभं राहून मोजा, कोण कुठनं जातं. आम्ही हे शेवटी केलं, आधी करायला हवं होतं. आणि गावनकाशाची शिक्क्याची प्रत पहिल्या दिवशी काढा, तिची घडी घालू नका, गुंडाळी करून न्या.

कुंपण निघालं. पेव्हर ब्लॉकचा बेत आम्ही रद्द केला, ओल्या ब्लॉकवर खूर घसरतात. मुरूम पसरून रोलर फिरवला, एका कडेला चर काढला. व्हीलचेअरसाठी चढ वीस फुटांना एक फुटापेक्षा जास्त ठेवला नाही. पहाटे मामांच्या म्हशी जातात, त्या पुढं गेल्या की आम्ही निघतो.