तरंगणारी फळं

कोडगूत आज दिवसभर बादल्या आणि मोजणी. रोबस्टा कॉफीची मातृझाडं, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची रोपं करायची ती झाडं, निवडायची म्हणजे निम्मं काम हेच! झाडागणिक 100 पिकलेली फळं पाण्यात टाकायची. तरंगतात त्यांत दाण्याचा एखादा कप्पा तरी पोकळ असतो. दहाच्या वर तरंगली की झाडावर शंका. पण लगेच बाद करू नये; दाणा भरताना पाण्याचा ताण पडला किंवा बोरर किडीने पोखरलं तरी फळ तरंगतं. तीन-चार हंगामांची नोंद हवी, त्यात एक तरी कडक उन्हाळ्याचा.

शिवाय बी पेरून तेच झाड मिळत नाही. रोबस्टा स्वतःच्या परागाने फळत नाही, बाप शेजारचा कुणीही! बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राच्या सी-इंटू-आर या रोबस्टा वाणालाही हे चुकलेलं नाही. म्हणून कलमंच, तीही उभ्या फुटव्याची. आडव्या फांदीचं रोप आडवंच पसरतं.